चार महिन्यांच्या बाळाचं दृढीकरण

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीची एक मुलगी दहावी झाल्यावर नागपूरला शिकायला जाते. वसतिगृहाच्या जवळच चर्च आहे, म्हणून रविवारी तिथल्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, जाऊ लागते. एका रविवारी मिस्सा संपता संपता फादर सूचना वाचतात : कन्फर्मेशनच्या वर्गासाठी नववी-दहावीच्या मुलामुलींनी नावं द्यावीत, ज्यांचं राहून गेलंय अशा मोठ्यांनीही द्यावीत. शेजारची मैत्रीण विचारते, "तुझं झालंय का गं?" हिला काहीच आठवत नाही. वर्ग आठवत नाहीत, बिशप आठवत नाहीत, नवे कपडे घालून काढलेला फोटोही आठवत नाही. ती घरी फोन लावते. पलीकडून आई म्हणते, "झाला ना वो तुजा! चार मयन्याची होतीस तवा." मैत्रीण खो-खो हसते. चार महिन्यांच्या बाळाचं कसलं आलंय कन्फर्मेशन?

आई बरोबर बोलते आहे, आणि मैत्रिणीचं हसणंही चुकीचं नाही. दोघी कॅथलिक, दोघींची श्रद्धा एक, दोघी पोपना मानणाऱ्या. पण आरमोरीच्या भागात कॅथलिक मूल ज्या परंपरेत जन्मतं ती केरळातून आलेली सिरो-मलबार परंपरा आहे, आणि नागपूरचा धर्मप्रांत लॅटिन म्हणजे रोमन परंपरेचा. संस्कार दोन्हीकडे सात. तेही तेच. फरक आहे तो एका संस्काराच्या वेळेत. हा फरक का पडला हे कळलं, की किशोरवयीन मुलांची 'तयारी' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्नही निराळा दिसायला लागतो.

आधी शब्द. मराठी ख्रिस्ती लोक या संस्काराला दृढीकरण म्हणतात आणि हा शब्द फार नेमका आहे. आपल्या मुलांच्या कानावर 'कन्फर्म' हा शब्द पहिल्यांदा पडतो तो रेल्वेच्या तिकिटामुळे. वेटिंग लिस्ट, मग आरएसी, मग कन्फर्म. त्यामुळे पोरांना वाटतं, बाळपणी आईवडिलांनी आपलं नाव यादीत घातलं आणि आता मोठं झाल्यावर आपण जागा पक्की करतो आहोत. हा घोळ इंग्रजी शब्दानं घातला. मुळातला लॅटिन शब्द बळकट करणे या अर्थाचा आहे आणि पाचव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागातल्या चर्चमधून तो या संस्काराला चिकटला. बळकट करणारा देव, बळकट होणारं माणूस. मल्याळममध्ये या संस्काराचं नाव आहे 'स्थैर्यलेपनम्'. स्थैर्य देणारं लेपन! संस्कृतातून घेतलेला हा शब्द मराठी वाचकाला अर्थ न सांगता कळतो. त्यात मुलानं काही पक्कं केल्याचा भाव नाही. त्याला काही लावलं गेलं आणि त्यानं ते स्थिर झालं, एवढाच अर्थ.

लावलं जातं ते सुगंधी तेल. लॅटिन परंपरेत त्याला क्रिस्मा म्हणतात, पूर्वेकडच्या चर्चमध्ये मिरोन किंवा मूरोन. जैतुनाच्या म्हणजे ऑलिव्हच्या तेलात बाल्सम किंवा दुसरी सुगंधी द्रव्यं घालून ते करतात. ते आशीर्वादित करण्याचा अधिकार मात्र बिशपचा, साध्या फादरांचा नाही. नियमात 'ऑलिव्ह किंवा अन्य वनस्पतींचं तेल' अशी मोकळीक आहे, म्हणजे कागदोपत्री आपल्याकडच्या जवसाच्या तेलालाही आडकाठी नाही. अर्थात तसं कुणी करत असेल असं मला वाटत नाही. 'ख्रिस्त' हा शब्दही याच तेलातून आला. ग्रीकमध्ये ख्रिस्तोस म्हणजे ज्याला तेल लावून अभिषेक केला आहे तो. तेव्हा 'ख्रिस्ती' या शब्दाचा मुळापासूनचा अर्थ बघायला गेलं तर तेल लागलेलं माणूस असा निघतो. लग्नाआधी हळद-तेल, दिवाळीला अभ्यंग, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तेल लागलं की माणसाची अवस्था बदलते, हे इथे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता वेळेचा घोळ. पहिल्या शतकांत असा घोळच नव्हता. नवा माणूस ईस्टरच्या रात्री पाण्यात उतरायचा, बाहेर आला की बिशप त्याच्यावर हात ठेवून तेल लावायचे आणि त्याच रात्री तो पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घ्यायचा. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण, कम्युनियन हे तिन्ही एका रात्रीत, एका दमात. ख्रिस्ती लोक शहरांत होते आणि दर शहराला एक बिशप होता, तोवर हे जमलं. पुढे धर्म खेड्यापाड्यांत पोचला. बिशप एक आणि गावं शंभर. अडचण ओळखीची आहे : तालुक्याला एकच डॉक्टर आणि पाडे साठ.

या अडचणीवर पश्चिमेनं आणि पूर्वेनं वेगवेगळे उपाय काढले. पश्चिमेनं, म्हणजे रोमनं, ठरवलं की तेल लावायला बिशपचाच हात हवा. फादरांनी पाण्याचा संस्कार करावा आणि बिशप येतील तेव्हा उरलेलं पुरं व्हावं. बिशप कधी वर्षाला यायचे, कधी दहा वर्षांनी. पूर्वेनं ठरवलं की मूल थांबणार नाही. बिशपनी तेल आशीर्वादित करून गावोगाव पाठवावं आणि फादरांनी ते स्नानसंस्काराच्या वेळीच लावावं. दोघांनाही बिशपशी असलेला धागा तोडायचा नव्हता. एकानं तो हातातून राखला, दुसऱ्यानं कुपीतून. बाकी पुढचं सगळं, किशोरवयीन मुलांचे वर्ग, शिबिरं, धर्मपालक, फोटो, हे या एका निर्णयाच्या पोटातून आलेलं आहे. वाट पाहणं हे आधी निव्वळ प्रवासाच्या अडचणीमुळे होतं. त्याला 'तयारी' हा अर्थ नंतर चिकटला.

तो चिकटवण्यात प्रॉटेस्टंट सुधारकांचा वाटा मोठा आहे. सोळाव्या शतकात त्यांनी आग्रह धरला की मुलानं श्रद्धेची प्रश्नोत्तरं पाठ करून म्हणून दाखवावीत आणि मगच त्याला प्रभुभोजनाला बसू द्यावं. इंग्लंडच्या चर्चनं ही पद्धत प्रार्थनाग्रंथातच घातली आणि ती आजही भारतात, १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, दिसते. कॅथलिकांकडे दुसराच अपघात झाला. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय खाली, साधारण सात वर्षांवर आणलं. लहान मुलांना कम्युनियनपासून इतकी वर्षं दूर का ठेवायचं, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. पण कम्युनियन खाली सरकलं आणि दृढीकरण बऱ्याच ठिकाणी वरच राहिलं. क्रम उलटा झाला. जो संस्कार मधला होता तो शेवटचा ठरला आणि नेमका तेरा-चौदा-पंधरा या वयात येऊन अडकला. मग त्या वयाला शोभेल असा अर्थ त्याला द्यावा लागला : आता तू मोठा झालास, आता तुझा तू निर्णय घे.

या अर्थाविषयी खुद्द कॅथलिक चर्च सावध आहे. त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट बजावलं आहे की शरीराचं वय आणि श्रद्धेचं वय यांची गल्लत करू नका, आणि आधाराला तेराव्या शतकातले थॉमस अक्विनस घेतले आहेत. लहान मूलही आत्म्यानं प्रौढ असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. पोप फ्रान्सिस तर याला 'निरोपाचा संस्कार' म्हणत खंत करायचे, कारण दृढीकरण झालं की पोरं चर्चला रामराम ठोकतात. अमेरिकेत बिशपांनी समजुतीच्या वयापासून सुमारे १६ वर्षांपर्यंत असा मोठा पट्टा मोकळा ठेवला आहे. त्यात डेन्व्हरसारख्या धर्मप्रांतानं अलीकडे जुना क्रम परत आणून तिसरीतल्या मुलांना आधी दृढीकरण आणि मग कम्युनियन सुरू केलं. अमेरिकेतला मोठा लॅटिन धर्मप्रांत चर्चा करकरून ज्या दिशेनं वळतो आहे, त्या दिशेला आरमोरीचं बाळ आधीपासूनच बसलेलं आहे.

ते तिथे कसं पोचलं? १९६२ साली, पोप तेविसावे जॉन यांच्या काळात, तेव्हाचा चांदा जिल्हा नागपूरच्या लॅटिन धर्मप्रांतातून वेगळा करून सिरो-मलबार चर्चच्या मिशनकाऱ्यांकडे सोपवला गेला. केरळाबाहेर या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. जबाबदारी आली सीएमआय या धर्मसंघाकडे, जो १८३१ साली केरळातल्या मान्नानम इथे सुरू झाला आणि ज्याच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा यांना २०१४ साली संतपद मिळालं. १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि जानुआरियुस पालातुरुती हे पहिले बिशप. जिल्ह्याचं नाव १९६४ साली चंद्रपूर झालं, १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, पण धर्मप्रांताच्या पाटीवर आजही 'चांदा'च आहे.  बिशपचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे, संत थॉमस यांच्या नावाचं. कागद कारखाना आणि कोळशाच्या खाणींचा तो भाग, मल्याळी कुटुंबंही तिथे बरीच. आरमोरीहून बल्लारपूर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, एसटीनं अर्धा दिवस. चौथ्या-पाचव्या शतकातली ती जुनी अडचण इथे जशीच्या तशी उभी आहे : बिशप दूर, बाळ जवळ, मध्ये जंगल.

पण सिरो-मलबार चर्चचाही प्रवास सरळ नाही, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. केरळचे हे संत थॉमसचे ख्रिस्ती इसवी सन ५२ पासूनची परंपरा सांगतात. पूजेची भाषा सिरियाक, संबंध आजच्या इराक-इराणकडच्या चर्चशी. त्यांच्या मिस्सेला ते 'कुर्बाना' म्हणतात. हा सिरियाक शब्द आणि आपल्याला अरबी-फारसीतून मिळालेला 'कुर्बानी' ही एकाच घरातली भावंडं. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेशियू द मेनेझिस केरळात उतरले, उदयंपेरूरला त्यांनी धर्मसभा भरवली आणि इथल्या ख्रिस्तींना रोमन वळण लावायचा चंग बांधला. त्यांना आढळलं की इथे बिशपच्या हातचं वेगळं दृढीकरण नाहीच. मग ते गावोगाव फिरून ते देऊ लागले. त्या काळच्या रोमन विधीत कपाळावर तेलाचा क्रूस काढल्यावर बिशप गालावर हलकी चापट मारत. श्रद्धेसाठी सोसायची तयारी ठेव, अशी ती खूण. मेनेझिसच्या प्रवासाचा जो पोर्तुगीज वृत्तांत १६०६ साली छापला गेला, त्यात या संस्काराला झालेल्या विरोधाच्या हकिकती आहेत. कपाळावर शिक्का मारायचा आणि तोंडात मारायची, ही तर पोर्तुगीजांचे गुलाम करायची युक्ती, असा लोकांचा सूर होता. हत्यारं बाळगणारी ती मानी माणसं. गालाला परक्याचा हात त्यांना खपणार नव्हता.

चापट १९७१ च्या सुधारित विधीत गेली. पण मेनेझिसनं लावलेलं वळण त्याआधी तीन-साडेतीनशे वर्षं टिकलं आणि केरळातही तेलाचा संस्कार बाळपणापासून सुटून पुढे सरकला. उलटी चक्रं फिरली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. १९६४ च्या नोव्हेंबरात परिषदेनं पूर्वेकडच्या चर्चना सांगितलं की तुमची जुनी रीत पुन्हा जागवा, फादरांनी तेल लावायची परंपरा पूर्ववत करा. पुढे १९९० साली पूर्वेकडच्या चर्चसाठी स्वतंत्र कायदेसंहिता आली आणि तिनं तर स्पष्टच केलं की खरीखुरी निकड नसेल तर हा अभिषेक स्नानसंस्काराच्या बरोबरच व्हावा. म्हणजे एकाच घरात आजीला हे तेल वेगळ्या वयात लागलेलं असू शकतं आणि नातीला पाळण्यात. गंमत पुढची आहे. त्याच १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी लॅटिन विधीसाठी तेल लावताना म्हणायचं जे नवं वाक्य ठरवलं ते पूर्वेकडच्या बायझंटाइन परंपरेतूनच उचललं. मेनेझिसनं पूर्वेला पश्चिमेचा विधी लादला होता, पावणेचारशे वर्षांनी पश्चिमेनं पूर्वेचे शब्द मागून घेतले.

आता लॅटिन परंपरेतली तयारी कशी चालते ते जवळून बघू. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचं सगळ्यात मोठं क्षेत्र म्हणजे वसई. १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला हा धर्मप्रांत. तिथे मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, आणि दृढीकरणाचे वर्गही मराठीत. मूल साधारण आठवी ते दहावीत असतं. रविवारी मिस्सेनंतर वर्ग. श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, सात संस्कार, आणि पवित्र आत्म्याची सात दानं, जी बिशप हमखास विचारतात म्हणून पाठ असावीच लागतात : ज्ञान, समज, सल्ला, सामर्थ्य, विद्या, भक्ती आणि देवाचं भय. यशया संदेष्ट्याच्या मूळ हिब्रू ओळीत दानं सहाच आहेत. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी 'भय' हा शब्द दोनदा टाळण्यासाठी एका ठिकाणी 'भक्ती' वापरला आणि सात झाली. वर्गात हे सहसा सांगत नाहीत. सांगायला हवं असं मला वाटतं, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला पाठांतरापेक्षा अशा गोष्टीत जास्त रस असतो.

मग एक दिवसाचं चिंतनशिबिर, पापनिवेदन, आणि धर्मपिता किंवा धर्ममातेची निवड. ही निवड बऱ्याचदा 'घड्याळ कोण देईल' यावर ठरते. चर्चची अपेक्षा मात्र अशी की स्नानसंस्काराच्या वेळी जो उभा होता तोच आताही उभा राहावा. शक्य असेल तिथे दोन्ही संस्कारांचा धागा त्या माणसातून दिसावा म्हणून. हा धर्मपालक स्वतः दृढीकरण झालेला हवा आणि आईवडील चालत नाहीत. मुख्य दिवशी मुलं रांगेत येतात, छातीवर नावाची चिठ्ठी टाचलेली. धर्मपालक मागे उभा राहून उजवा हात मुलाच्या खांद्यावर ठेवतो. बिशप अंगठा तेलात बुडवतात, नाव घेतात, कपाळावर क्रूस काढतात. मूल आमेन म्हणतं, बिशप शांती देतात, मूलही उलट शांती देतं. पुढचा. शंभर मुलं असली तर बिशपचा अंगठा तेलानं माखून जातो, म्हणून शेवटी एका ताटलीत लिंबाच्या फोडी आणि पावाचा तुकडा आणून देतात. लिंबानं तेल निघतं, पाव उरलेलं टिपून घेतो. सुगंधी तेलात लिंबाचा वास मिसळला की समजायचं, विधी संपला.

आरमोरीत यातलं काहीच नाही. तिथे बाळ आईच्या किंवा धर्ममातेच्या मांडीवर असतं, झोपेत किंवा रडण्यात. पाणी ओतून झालं की फादर छोटी कुपी उघडतात, अंगठ्यानं त्या कपाळावर क्रूस काढतात. कपाळ तरी केवढं, अंगठ्याएवढंच. मग पांढरा कपडा, पेटती मेणबत्ती. बाळाला काय कळलं? काहीच नाही. पूर्वेकडच्या परंपरेचं उत्तर असं की कळणं ही अटच नाही. आईचं दूध बाळ समजून उमजून पीत नाही. देण्यातला पुढाकार देवाचा असेल, तर घेणाऱ्याची हजेरी पुरे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तर्काच्या कसोटीवर ही बाजू मला जास्त सरळ वाटते. ज्याला 'दान' म्हणायचं त्यासाठी आधी परीक्षा घ्यायची, यात थोडी विसंगती आहेच.

पण तर्क सरळ असला तरी चौदा वर्षांचं पोर सरळ नसतं. लॅटिन पद्धतीचा मोठा फायदा असा की ती त्या वयाला एकदा गाठते. नेमक्या त्या दोन वर्षांत कुणी तरी मोठं माणूस त्या मुलाला समोर बसवून विचारतं की तुझा विश्वास आहे का, आणि कशावर. वर्गाला मुदत असते, शेवटी एक तारीख असते, घरचे त्या तारखेसाठी धावपळ करतात. आरमोरीतल्या मुलाच्या वाट्याला अशी तारीख येत नाही. तिसरी-चौथीच्या सुमारास समारंभानं कम्युनियन झालं की पुढचा चर्चमधला मोठा प्रसंग थेट लग्न. मधली पंधरा-वीस वर्षं सपाट.

सिरो-मलबार चर्चनं ही पोकळी भरायला काय ठेवलं आहे? बारा वर्षांचं धर्मशिक्षण. शाळेसारखीच पहिली ते बारावी, दर रविवारी वर्ग, पुस्तकं, परीक्षा. म्हणजे लॅटिनांची तयारी दोन वर्षांची आणि संस्कारापर्यंतची, यांची बारा वर्षांची आणि संस्कारानंतरची. कल्पना उत्तम आहे. आधी बी पेरलं, आता पाणी घालत राहा. केरळातल्या गच्च भरलेल्या गावांत ही व्यवस्था धावते. गडचिरोली जिल्ह्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्याही आत आहेत. सातवीच्या इयत्तेला कुठे दोन मुलं, कुठे एक, कुठे कुणीच नाही. वर्ग भरवायचा कसा? मग पाचवी ते दहावी एकत्र बसतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला अकरा वर्षांच्या मुलांबरोबर चित्रं रंगवायला लावलं की पुढच्या रविवारी तो येत नाही.

त्यात इथलं वेळापत्रक. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, घरातले सगळे हात बांधीत. नवरात्रात आरमोरीचा दुर्गोत्सव, जो पाहायला आजूबाजूची गावं लोटतात. दिवाळीनंतर धान कापणी, मग झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, वडसा तिथून हाकेवर. रात्रभर नाटक बघून आलेलं पोर सकाळी धर्मशिक्षणाला डोळे उघडे ठेवील अशी अपेक्षा कुणी करू नये. एप्रिल-मेमध्ये मोहफुलं आणि तेंदूपत्ता. संध्याकाळी वर्ग घ्यावा म्हटलं तर वडसा-आरमोरीच्या जंगलात वाघ आहेत, आणि २०२१ पासून हत्तींचा कळपही फिरतो. आईबाप अंधार पडायच्या आत लेकरं घरी बोलावतात, ते योग्यच करतात. उरली रविवारची सकाळ. ती दहावीच्या शिकवणीनं खाल्ली. माझ्या मते वाघापेक्षा शिकवणीनं धर्मशिक्षणाचं जास्त नुकसान केलं आहे, पण शिकवणीवर कुणी पिंजरा लावत नाही.

किशोरवयाला एखादा उंबरठा हवा, ही गरज फक्त ख्रिस्तींची नाही. याच मुलखात माडिया गोंडांचं गोटूल होतं, काही गावांत आहे. पोरापोरींना समाजाचं शहाणपण तिथे मिळायचं, थोरांच्या देखरेखीखाली पण थोरांपासून जरा बाजूला. मुंज होती. आणि विदर्भाला प्रतिज्ञेची ताकद कुणी सांगायला नको. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा लोकांनी उभं राहून मोठ्यानं बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आपल्या तोंडून चारचौघांत म्हटलेलं वाक्य माणसाला बांधून घेतं. लॅटिन विधीत दृढीकरणाआधी मुलं स्नानसंस्काराची वचनं नव्यानं म्हणतात ती याचसाठी. बाळपणी ती त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी म्हटलेली असतात.

हे वचन म्हणायला नवा संस्कार लागत नाही, ही गोष्ट आरमोरीच्या पालकांनी आणि फादर-सिस्टरांनी ध्यानात घ्यावी असं वाटतं. तेल पुन्हा लावता येत नाही, वचन मात्र दर वर्षी म्हणता येतं. पेन्टेकॉस्टचा सण ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे मे-जूनच्या सुमारास येतो. शाळेला सुट्टी, तेंदूपत्त्याचा हंगाम उतरणीला, रोवणीला अवकाश. नववी-दहावीची पोरं दोन-तीन दिवस एकत्र ठेवायला याहून सोयीची वेळ वर्षात नाही. एकेका गावात दोन-दोन असतील, पण ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, गडचिरोली मिळून वर्गाएवढी नक्की जमतील. त्यांना त्यांच्याच स्नानसंस्काराच्या नोंदवहीतली ओळ दाखवावी. तारीख, धर्मपित्याचं नाव, आणि त्यापुढे अभिषेकाची नोंद. 'हे तुला आधीच दिलेलं आहे, त्याचं तू काय करणार?' हा प्रश्न पंधराव्या वर्षी 'तुला हे हवं का?' या प्रश्नापेक्षा अवघड आहे. मराठी साहित्याचीही वानवा नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला आहे. मल्याळममधून अनुवादलेल्या अवघड पाठ्यपुस्तकापेक्षा गडचिरोलीच्या पोराला ते लवकर पचेल.

उलट बाजूचीही एक अडचण असते. सीआरपीएफच्या तळावर झारखंडचा उराव जवान, दवाखान्यात वसईची परिचारिका, बँकेत गोव्याचा अधिकारी. ही लॅटिन कुटुंबं, त्यांच्या मुलांना तेल लागलेलं नाही आणि इथे कन्फर्मेशनचा वर्ग नाही. पूर्वेकडच्या कायद्यानुसार इथल्या फादरांनी लॅटिन मुलाला दिलेला हा संस्कार ग्राह्य ठरतो, पण कुणी कुणाला द्यावा याचे नियम आहेत. त्यामुळे परस्पर काही न करता फादरांशी आधी बोलावं. मुलगा पुढे आपल्या गावीच जाणार असेल तर तिथल्या वर्गात नाव घालणं बरं.

आणि नागपूरच्या त्या मुलीचं? तिनं नाव द्यायचं नाही. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो, दुसऱ्यांदा घेतला तर तो संस्कारच ठरत नाही. वर्गाला मात्र तिनं खुशाल बसावं, फादर नाही म्हणणार नाहीत. फक्त तोंडी सांगून भागत नाही. लॅटिन फादरांना चार महिन्यांचं दृढीकरण ऐकून माहीत असतं, पण कागद लागतोच. पुढे कुणाच्या बाळाची धर्ममाता व्हायचं झालं, लग्न ठरलं किंवा सिस्टर व्हायचं मनात आलं, तरी हाच कागद मागतात. तेव्हा शिकायला बाहेरगावी निघणाऱ्या मुलामुलींनी मार्कशीट, जातीचा दाखला आणि आधारच्या झेरॉक्ससोबत आपल्या चर्चमधून स्नानसंस्काराचा दाखलाही काढून घ्यावा, आणि त्यावर तैलाभिषेकाची तारीख लिहिली आहे की नाही हे ऑफिसातून बाहेर पडण्याआधीच बघून घ्यावं.